लोरीनचं उघडं फाटक

२३ फेब्रुवारी, गुरुवार

निघालो एकदाचे! काल राखेचा बुधवार झाला, ती राख जेरोमच्या कपाळावर अजून तशीच आहे. म्हटलं, तोंड तरी धू. तर म्हणतो, "राहू दे. डुकरांना कळेल, धार्मिक माणूस आलाय."

मागच्या सीटवर ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली रायफल. शेजारी दुर्बीण, दोन घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी. आणि खसखस भरलेल्या कोलाचीचे, आमच्या गोड पावांचे, डबे — परवा दिवसभर भाजत होते. कुणाच्या रानात शिरायची परवानगी मागायची तर हात रिकामे नकोत. माझ्या सासऱ्यांपासूनची पद्धत ही.

आपल्या लवाका काउंटीत काय रानडुकरं कमी आहेत? गेल्या महिन्यात चर्चमागचं कब्रस्तान उकरून गेली. सासूबाईंच्या उशाची माती नांगरल्यासारखी! जेरोम म्हणाला, "आई जिवंत असती तर डुकरंच पळाली असती." पण याला घराजवळची डुकरं नकोत. तरुणपणी आम्ही दोघं ज्या ज्या रानांत गेलो, ती पुन्हा धुंडायची आहेत. "बघू तरी, अजून कोण आत घेतं."

आणि जॅनिसचा फोन. निघता निघता, तो टायरची हवा बघत होता तेव्हा. "आई, बाबांवर नीट लक्ष ठेव. काय विसरतात, कुठं चुकतात ते बघ. रायफल आणि गाडी काढून घ्यायची का, ते परत आल्यावर तू सांग. तू म्हणशील तेच करू." पोरगी घाबरली आहे. जानेवारीत कढई जळली तेव्हापासून. गॅसवर तशीच राहिली, स्वयंपाकघराची भिंत काळी झाली. "मीच विसरलो," असं जेरोम लगेच म्हणाला होता. लाजला सुद्धा नाही.

म्हणजे मी आता हेर! एवढा संसार केला त्या माणसाबरोबर. रायफल काढून घेतली तर त्याच्यात काय उरेल? ओसरीवर बसून पत्ते पिसणारा कुणीतरी म्हातारा. त्याला मी ओळखत नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

गोन्झालेस. जेरोमचा नियम — नव्या गावात आधी पशुखाद्याच्या दुकानात जायचं, कॉफी घ्यायची, गप्प बसायचं. डुकरांचा विषय आपोआप निघतो. आजही निघाला. त्यानं फक्त विचारलं, "यंदा कुणाकुणाची शेतं उकरली?" तर कोपऱ्यातला एक जण म्हणाला, "काका, कुणाची नाही उकरली ते विचारा, लवकर आटपेल."

तिथून ऑटोच्या शेतावर. ऑटो म्हणजे जेरोमचा लष्करातला मित्र. पूर्वी नदीकाठच्या त्याच्या रानात आम्ही न विचारता जायचो. वळणावर जेरोमनं गाडी हळू केली आणि तशीच थांबवली. फाटकाच्या दोन्ही खांबांवर जांभळा पट्टा. ताजा रंग. म्हणजे आत येऊ नका, विचारायलाही येऊ नका!

"ऑटोच्या फाटकाला जांभळा?" एवढंच बोलला. मग खाली उतरला, टोपी काढून उभा राहिला. नंतर दुकानातून कळलं, ऑटो दोन वर्षांपूर्वी गेला. मुलांनी जमीन विकली. कुणी आम्हाला कळवलंही नाही.

गाडीत मला विचारतो, "ऑटोच्या बायकोचं नाव काय गं?"

"लिलियन. पिवळा झगा घालायची. भोपळ्याचं लोणचं द्यायची आपल्याला."

"बरोबर," म्हणाला.

बघा! स्वतः विसरायचं आणि वर मास्तरासारखं "बरोबर" म्हणायचं. मला हसू आलं, पण क्षणभरच. लिलियनचं नाव विसरला! तिच्या लग्नात हाच अकॉर्डियन वाजवत होता.

शुक्रवार म्हणून रात्री तळलेला मासा. त्यानं माझ्या ताटातले काटे काढून दिले. असं तो कधी करत नसे.

२५ फेब्रुवारी, शनिवार

माझी जपमाळ बर्फाच्या पेटीत सापडली! मोहरीच्या बाटलीशेजारी, गार पडलेली. जेरोमला विचारलं. "मीच ठेवली असेल," म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

जॅनिसला काय सांगू?

२६ फेब्रुवारी, रविवार

लॅनोला मिस्सा. परकं चर्च, पण मेणबत्त्यांचा वास तोच. बाहेर पडताना दार मी दोन्ही हातांनी धरून लावलं, अगदी सावकाश. जेरोम हसला. म्हणाला, "तुझी सिस्टर अडेलबर्टा अजून मागे उभी आहे वाटतं."

आहेच! कॉन्व्हेंटमध्ये पहिल्या वर्षी तिनं मला दिवसभर एकच दार लावायला लावलं होतं. एक हात मुठीवर, दुसरा तळवा फळीवर. "जे उघडं दिसेल ते लावायचं, अल्बिना, आणि असं लावायचं की देवालासुद्धा ऐकू जाता कामा नये." मी रडत होते. संध्याकाळी तिनंच मला दुधात बुडवून पाव भरवला. तिच्या बाहीला साबणाचा आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास यायचा. तो वास मला आत्ताही येतो. कालचं जेवण आठवायला विचार करावा लागतो, पण ती बाही — तिच्या टोकाला एक पांढरा टाका उसवलेला होता.

असो. जेरोम गाडी मला चालवू देत नाही. किती वेळा म्हटलं! "तू थकला आहेस, मी घेते." "नको." "तासभर तरी." "नको म्हटलं ना, अल्बी." आवाज चढला त्याचा. हट्टीपणा वाढतो म्हणे या विसरण्याच्या आजारात. जॅनिसनं कुठंतरी वाचलं आहे.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

दिवस वाया. जुनी ओकची रानं सगळी उंच जाळीच्या कुंपणाआड गेली. आत बाहेरून आणलेली हरणं, दारात पाटी, पाटीशेजारी काळा चष्मा लावलेला पोरगा. डुकरं आहेत का म्हटलं तर म्हणाला, "आहेत ना, काका. हेलिकॉप्टरमधून मारतो आम्ही. तुम्हाला बसायचं असेल तर आधी कागदावर सही. वय काय तुमचं?"

"तुझ्या हेलिकॉप्टरपेक्षा जास्त," जेरोम म्हणाला.

पोरगा हसला. वाईट नव्हता. मला म्हणाला, "काकू, काकांना घरी न्या, ऊन लागेल." फेब्रुवारीत ऊन!

गाडीत बसल्यावर जेरोमनं काच वर केली. मग म्हणाला, "डुक्कर माहीत आहे का त्याला? माती हुंगली आहे का कधी? वरून काय, पिठातल्या किड्यांसारखं दिसतं सगळं." पूर्वी तो मातीवरून सांगायचा — आज गेलीत की काल, पिल्लंवाली आहे की एकटा म्हातारा नर. खांबाला घासलेला चिखल बोटानं चोळून बघायचा. मी मागे उभी राहायची, त्याचा सदरा धरून. नवीन लग्न. त्याच्या घामाला गवताचा वास यायचा, आणि मला वाटायचं, या माणसाला कुठंही सोडा, हा घरी परत येईल.

आज त्याला रस्ता चुकला नाही. हेही लिहून ठेवायला हवं. एकदाही चुकला नाही.

१ मार्च, बुधवार

शेवटी एक फाटक उघडलं! सॅन साबाला, लोरीनचं. तिचा नवरा हॉलिस जाऊन दोन वर्षं झाली. तो आणि जेरोम मिळून डुकरांमागे पडायचे तेव्हा आम्ही दोघी अक्रोडासारखे पेकान फोडत बसायचो. बाई अजून तशीच — पुरुषाचे बूट, तोंडाचा पट्टा सुरू.

"मेला नाहीस अजून जेरोम? बरं झालं. माझं ओटचं शेत बघ, डुकरांनी बटाटे लावल्यासारखं करून ठेवलंय. मार मेल्यांना. एक मारलंस तर जेवण, दोन मारलीस तर लग्न!"

"लग्न झालंय माझं, लोरीन."

"तिला विचारून बघ, ती सोडेलही."

तिनं कोलाची जागच्या जागी दोन खाल्ल्या आणि सांगितलं, ती बहिणीकडे ॲबिलीनला जाते आहे, शनिवारी परत येईल, रान आमचंच. जाताना मला एकच बजावलं, "अल्बिना, फाटकं जशी असतील तशी. हौदाजवळचं उघडं आहे ते उघडंच राहू दे, माझी गुरं तिकडूनच पाण्याला जातात." मी म्हटलं, मला सांगतेस होय? रानातला पहिला नियम आहे तो! गाडी चालवणारा आत बसतो, शेजारचा उतरतो, बंद असेल ते बंद करतो, उघडं असेल ते उघडं सोडतो. आयुष्यभर मीच उतरत आले.

हॉलिसचं जुनं मचाण अजून आहे. डुकरांना आमिष म्हणून मक्याचं पिंप लटकतं आहे, हौदाजवळच्या फाटकाच्या खांबाला लोरीननं कॅमेरा बांधला आहे, डुकरं कधी येतात ते टिपायला. आम्ही चढून बसलो. ऊन उतरलं. आणि आली! आधी एक मोठी काळी मादी, नाक जमिनीला लावून. मागे पिल्लं, पट्टे असलेली, एकमेकांच्या पायात येणारी. जेरोमनं रायफल उचलली, दुर्बिणीला डोळा लावला. मी कानात बोटं घातली. वाट बघितली. वाट बघितली.

त्यानं रायफल खाली ठेवली. "ही जागा आठवते का तुला?" कुजबुजला.

"न आठवायला काय झालं? लग्नानंतरचा पहिला आठवडा. मला शिंक आली होती आणि तुझं डुक्कर पळालं होतं."

त्यानं माझा हात घट्ट धरला. म्हातारा रडत होता!

एवढा रस्ता तुडवून आला, डुक्कर समोर, आणि चाप ओढला नाही. विसरला का, काय करायचं ते? मला भीती वाटली. उतरताना मी त्याला हात दिला. पुढचं फारसं आठवत नाही, दमले होते. गाडीत डुलकी लागली असावी.

२ मार्च, गुरुवार

मोटेलात. पाय सुजलेत. जेरोम सतत आसपास. "बाथरूमचा दिवा इथे आहे, अल्बी." माहीत आहे मला!

४ मार्च, शनिवार

सकाळी लोरीनचा फोन. म्हणाली, "जेरोमला घेऊन ये. रायफल आण."

हौदाजवळचं फाटक लागलेलं होतं. बुधवारपासून. गुरं एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला. सगळी कुंपणाला टेकून हंबरत होती. आणि ती पहिलारू कालवड — हॉलिसनं शेवटच्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात ठेवून बाटलीनं वाढवलेली — पाण्याच्या वासानं तारांवर चढली होती. पोट, आचळ, सगळं काटेरी तारेत. जिवंत होती. डोळे उघडे.

लोरीन जमिनीवर बसली होती, तिचं डोकं मांडीवर घेऊन. "मला जमत नाही रे. इतकी मारलीत, पण ही नाही जमत. हॉलिसनं हिच्यासाठी गाणी म्हटलीत."

मग उठली. वळली. मला तिचा चेहरा विसरता येणार नाही. "फाटक कुणी लावलं?"

मी तोंड उघडायच्या आत जेरोम म्हणाला, "मी. अल्बिना झोपली होती, म्हणून परत येताना मीच उतरलो. मीच लावलं, लोरीन."

"तू? हॉलिसला फाटकं शिकवणारा तू?"

"म्हातारा झालो."

वाकला, कालवडीच्या कपाळावर हात ठेवला, तिच्याशी चेकमध्ये काहीतरी बोलला. त्याच्या आईची भाषा. एकच गोळी. हात जराही हलला नाही.

या प्रवासातली पहिली आणि शेवटची गोळी. डुकरासाठी आणलेली.

मी गुरांना पाणी पाजायला फाटक उघडलं. साखळी गार होती. राग आला मला, इतका राग की देवाची क्षमा मागायला हवी. उघडं फाटक! लहान पोरालासुद्धा कळतं. दुपारी जॅनिसला फोन केला. म्हटलं, "हो. झालंय बाबांना. तुझं बरोबर होतं." ती रडली. मी रडले नाही. मी सांगितलं, रायफल मी घेते, गाडीही मीच घेते, तू काळजी करू नकोस.

५ मार्च, रविवार

चर्चमधून आल्यावर सांगितलं त्याला. शब्द जुळवून ठेवले होते, सगळे विसरले. नुसतं म्हटलं, "जेरोम, रायफल दे."

वाटलं, भांडेल. त्यानं ब्लँकेटसकट माझ्या मांडीवर ठेवली, बाळ ठेवावं तशी. "घे. मला नकोच होती."

"आणि गाडीची किल्ली."

तेव्हा मात्र चेहरा पडला. "ती राहू दे माझ्याकडे. घरापर्यंत. मग हवं ते कर."

"नाही. परवा फाटक, उद्या एखादं पोर गाडीखाली आलं तर?"

"अल्बी, तुझ्या पाया पडतो. मी हळू चालवीन."

असा तो कधी बोललाच नाही. त्याच्या बापापुढेसुद्धा नाही. मी त्याच्या कोटाच्या खिशात हात घालून किल्ली काढली. त्यानं हात धरला नाही. नुसता बघत राहिला माझ्याकडे, मचाणावर त्या मादीकडे बघत होता तसा.

देवा, हे माझ्या हातून का करवतोस?

६ मार्च, सोमवार

निघायच्या आधी लोरीनचा निरोप घ्यायला गेलो. जेरोम अंगणात तार ओढून द्यायला थांबला. लोरीननं मला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली, संगणक माझ्याकडे वळवला. "डुकरं बघायला म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड काढलं," म्हणाली. "दाखवू की नको, रात्रभर ठरेना. पण तू त्याला काहीबाही बोलली असशील, म्हणून."

बुधवारची संध्याकाळ. हौदाजवळचं फाटक. आमची पिकअप पुढे गेलेली, नुसते मागचे लाल दिवे. आणि फाटकाशी एक बाई. माझा निळा रुमाल, माझा कोट. एक हात कडीवर, दुसरा तळवा फळीवर. आवाज होऊ नये म्हणून मान जरा कललेली. डोळे टक्क उघडे.

मला ते आठवत नाही. कितीही ताणलं तरी नाही.

लोरीन माझे केस मागे सारत होती. खिडकीतून जेरोम दिसत होता, तार ओढताना, पाठमोरा. शनिवारी त्याला एका क्षणात कळलं होतं, आणि त्याच क्षणात त्यानं ते स्वतःवर घेतलं. कढईसुद्धा. जपमाळसुद्धा. लिलियनचं नाव त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

बाहेर जाऊन किल्ली त्याच्या हातात दिली. त्यानं माझ्यासाठी शेजारचं दार उघडलं.

आता तो गाडीत पेट्रोल भरतो आहे. जॅनिसला फोन करायचा आहे. झालंय ते बाबांना नव्हे, मला. आत्ताच करते. आठवतंय तोवर.